पैसा मार्चचा, पेरणी जूनची : लहान शेतकऱ्यांच्या कामासाठी निधी कसा उभा करायचा

गावात नव्याने काम सुरू करणाऱ्या संस्थेचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : पैसे कोण देतं? ते कधी देतं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही, आणि खरी गोम तिथेच असते. कंपन्यांचं आणि सरकारचं वर्ष ३१ मार्चला संपतं. परदेशी संस्थांचं बहुतेकदा डिसेंबरात. शेतकऱ्याचं वर्ष मृगाला सुरू होतं. ही वर्षं एकमेकांत बसवणं हे निधी उभारणीतलं निम्मं काम आहे. बियाण्याचे पैसे ऑगस्टमध्ये खात्यावर आले तर त्यांचं करायचं काय, याचं उत्तर कुठल्याच प्रपोजलमध्ये लिहिलेलं नसतं.

हा लेख महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागात लहान शेतकऱ्यांसोबत काम करू पाहणाऱ्या छोट्या संस्था, महिला गट आणि शेतकरी कंपन्या, म्हणजे शेतकऱ्यांच्याच मालकीच्या उत्पादक कंपन्या, यांच्यासाठी आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या ८६ टक्के खातेदारांकडे दोन हेक्टरपेक्षा कमी जमीन आहे आणि सरासरी धारणा १.०८ हेक्टर. तेव्हा प्रस्तावात ‘आम्ही लहान शेतकऱ्यांसाठी काम करतो’ एवढंच लिहिलंत तर तुम्ही काहीच सांगितलेलं नाही. बहुतेक गावांत तेच बहुसंख्य आहेत.

पैसा कुठल्या वाटेने येतो

सगळ्यात मोठा पैसा थेट तुमच्याकडे येणारच नाही, हे आधी समजून घ्या. जागतिक बँक, आशियाई विकास बँक, रोमची आयफॅड (संयुक्त राष्ट्रांचा शेतीविकास निधी), जर्मनीची सरकारी विकास बँक केएफडब्ल्यू या संस्था सरकारांशी किंवा नाबार्डसारख्या संस्थांशी करार करतात. त्यातला बराच पैसा कर्जाचा असतो आणि योजना बनून गावात उतरतो. आपण ज्याला ‘पोकरा’ म्हणतो तो नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प असाच आला. २०१८ मध्ये जागतिक बँकेने त्यासाठी ४२ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं, सुरुवातीला १५ जिल्हे आणि पाच हजारांवर गावं घेतली. शेतकरी कंपन्यांच्या व्यवसायासाठीच्या ‘स्मार्ट’ प्रकल्पातही जागतिक बँकेचं कर्ज आहे, फळं-भाज्यांच्या विक्रीसाखळीच्या ‘मॅग्नेट’मध्ये आशियाई विकास बँकेचं, तर माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) बचत गटांसाठीच्या तेजस्विनी आणि नव तेजस्विनीमध्ये आयफॅडचं. या पैशासाठी वॉशिंग्टन-मनिलाला पत्रं लिहून उपयोग नाही. सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक), ‘आत्मा’ या कृषी खात्याच्या विस्तार यंत्रणेचं जिल्हा कार्यालय, गावातली ग्राम कृषी संजीवनी समिती, माविमचं लोकसंचालित साधन केंद्र (बचत गटांचा महासंघ) ही त्याची दारं.

या योजनांत एक अडचण असते. बरंचसं अनुदान ‘आधी खरेदी करा, मग खात्यावर जमा होईल’ अशा पद्धतीचं असतं. ठिबक किंवा मोटर घ्यायला शेतकऱ्याच्या हातात आधी रक्कम लागते. जिच्याकडे ती नाही, म्हणजे नेमकी तुमची दोन एकरवाली बाई, ती यादीत असूनही मागे राहते. ‘स्मार्ट’मध्ये शेतकरी कंपनीला प्रकल्प खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं, पण उरलेले ४० टक्के उभे करताना बऱ्याच कंपन्यांची दमछाक होते. छोट्या संस्थेने हात घालावा ती जागा हीच आहे : कागद पूर्ण करून देणं, बचत गटातून किंवा बँकेतून तात्पुरती उचल मिळवून देणं, बिल अपलोड झालं का ते पाहणं. या कामाला मोठा निधी लागत नाही. आणि दुसऱ्या देणगीदाराला ‘तुमच्या एका रुपयामागे सरकारचे इतके रुपये गावात आले’ असं हिशेबासकट दाखवता येतं. हा मुद्दा सहसा वाया जात नाही.

दुसरी वाट नाबार्डची. पाणलोट आणि आदिवासी भागातला ‘वाडी’ कार्यक्रम या तिच्या जुन्या ओळखी. वाडीची कल्पना बाएफ या पुण्याच्या संस्थेने १९८२ मध्ये गुजरातच्या वांसदा भागात रुजवली : एकरभर जमिनीत आंबा-काजूसारखी झाडं, मधल्या जागेत पिकं, कडेने कुंपणाची झाडं. पुढे केएफडब्ल्यूच्या मदतीने ती गुजरात-महाराष्ट्रात पसरली. नाबार्डचे जिल्हा विकास व्यवस्थापक, बोलण्यात ‘डीडीएम’, यांची एक भेट नव्या संस्थेने पहिल्या वर्षीच घ्यावी. पैसे मागायला जाऊ नका. जिल्ह्यात कुठे काय चाललंय आणि कुठली गावं सुटली आहेत, हे विचारायला जा.

तिसरी वाट सीएसआरची, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून सामाजिक कामावर खर्चायच्या पैशाची. नव्या संस्थांची सगळ्यात जास्त धावपळ इथेच होते, म्हणून त्यावर पुढे जरा सविस्तर. चौथी वाट परदेशी निधीची आणि पाचवी साध्या माणसांची. पाचवीला नवे लोक कमी लेखतात. पुण्या-मुंबईत नोकरी करणारी गावचीच मुलं, निवृत्त शिक्षक, परदेशातले नातलग यांच्याकडून आलेल्या छोट्या रकमांवर बंधनं सगळ्यात कमी असतात. बेसलाइनचा, म्हणजे कामाआधीच्या मोजणीचा खर्च, पहिल्या कार्यकर्त्याचा पगार, मंजुरी येईपर्यंतचे कोरडे महिने या पैशावरच निघतात.

परदेशातल्या नातलगांबाबत एक बारकावा आहे. अमेरिकेत राहणाऱ्या माणसाकडे भारतीय पासपोर्ट असेल तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी निधी धरली जात नाही. त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र तो कायद्याने परदेशी स्रोत ठरतो, मग भले त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशस्थ भारतीयांचं ओळखपत्र) असो आणि तो दर गणपतीला गावी येत असो. तेव्हा पैसे घेण्याआधी पासपोर्टची प्रत मागा. संकोच वाटतो, पण मागाच.

कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, लवकर उरकू.

नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करा. जुन्या संस्थांचे ‘चेंज रिपोर्ट’ वर्षानुवर्षं अडकलेले असतात, आणि कंपनीची छाननी सुरू झाली की पहिलं बोट तिथेच पडतं. आयकरातली १२-अ (संस्थेला करमाफी) आणि ८०-जी (देणगीदाराला करसवलत) ही दोन प्रमाणपत्रं लागतात. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे आकडे बदलले, तरी लोक बोलताना हीच नावं घेतात. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंद करा. कंपन्यांकडून पैसे घ्यायचे तर सीएसआर-१ नोंदणी २०२१ पासून सक्तीची आहे. ८०-जीची सवलत २००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, हे देणगीदाराला आधीच सांगा, नंतर वाद नको.

सीएसआरच्या नियमांप्रमाणे स्वतंत्र संस्थेकडे तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा लागतो. म्हणून अगदी नव्या संस्थेने पहिली तीन वर्षं लोकांच्या देणग्यांवर छोटं काम करावं आणि दर वर्षी न चुकता लेखापरीक्षण करून घ्यावं. उलाढाल दीड लाखाची असली तरीही. तिसऱ्या वर्षी तीन ताळेबंद एकदम बनवून घेणारे असतात. छाननी करणाऱ्याला ते एका नजरेत कळतं.

शेतकरी कंपन्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उत्पादक कंपनी ही नफ्यासाठीची कंपनी आहे, तिला १२-अ किंवा ८०-जी मिळत नाही, त्यामुळे सीएसआर राबवणारी संस्था म्हणून ती चालत नाही. जवळच्या एखाद्या नोंदणीकृत संस्थेने प्रकल्प राबवायचा आणि लाभ कंपनीच्या सभासदांना मिळायचा, अशी रचना करावी लागते. केंद्राच्या १०,००० शेतकरी उत्पादक संघटनांच्या योजनेत तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत व्यवस्थापन खर्च आणि प्रति सभासद २००० रुपये, कमाल १५ लाखांपर्यंत समभाग अनुदान ठेवलेलं होतं. तुमची कंपनी त्यात नोंदवलेली असेल तर आधी त्यातलं किती पदरात पडलं ते तपासा. नव्या देणगीदाराचा पहिला प्रश्न तोच असेल.

परदेशी निधीसाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या नियमन कायद्याखालची, नोंदणी हवी. संस्था किमान तीन वर्षं जुनी आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले, ही प्राथमिक अट. पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यावर येतो, तिथून मग तुमच्या गावच्या बँकेत. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत. दर वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत विवरण, पैसा आला नसला तरी. २०२० च्या दुरुस्तीने मोठ्या संस्थेने परदेशी निधी छोट्या संस्थेला पुढे देणं पूर्ण बंद केलं. आधी पुण्यातल्या एका संस्थेकडून दहा तालुक्यांतल्या दहा संस्थांकडे पैसा झिरपत असे. ती वाट आता नाही. ‘आमच्याकडे एफसीआरए आहे, तुमचं काम आमच्या नावावर दाखवू’ असं कुणी म्हणालं तर हात जोडून बाहेर पडा.

मागण्याआधी मोजा

दुष्काळ, आत्महत्या, कर्जबाजारीपणा असं लिहिलं की आपलं म्हणणं पोहोचलं असं नव्यांना वाटतं. पण हे शब्द प्रत्येकच प्रस्तावात असतात. तुमच्या तीन गावांतला, तुमच्याच माणसांनी मोजलेला आकडा दुसऱ्या कुणाकडे नसतो.

समजा तुम्हाला सोयाबीन-तुरीवर काम करायचंय. दसऱ्याच्या आसपास काढणी सुरू होते, तेव्हा पीक कापणी करून घ्या. शेतात १० मीटर बाय ५ मीटरचा तुकडा दोरीने आखायचा. तुकडा कुठे घ्यायचा हे चिठ्ठी टाकून ठरवायचं, कारण शेतकऱ्याला विचारलं तर तो चांगला पट्टा दाखवतो आणि मदत मिळणार असल्याचा वास आला तर वाईट. आखलेल्या तुकड्यातलं पीक कापून, मळून, वाळवून तोलायचं. तुकडा ५० चौरस मीटरचा, एकरात असे साधारण ८१ तुकडे बसतात. तुकड्यातून पाच किलो निघाले तर एकरी उतारा चार क्विंटल पाच किलो. गावागणिक दहा-बारा शेतं घ्या : हलकी जमीन, भारी जमीन, विहीरवाला, बिनविहीरवाला. वहीत गट नंबर, पेरणीची तारीख, वाण, बियाणं घरचं की दुकानातलं, खर्च आणि विकलेला भाव लिहा.

या वहीतून जे निघतं ते बऱ्याचदा तुमच्या मूळ समजुतीला धक्का देतं. ठिबक हवं म्हणून निघालेल्या संस्थेला कळतं की निम्म्या शेतांत उगवणच विरळ आहे. मग ठिबकाच्या आधी उगवणक्षमता चाचणी येते : ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ठेवायचे आणि अंकुर मोजायचे. सोयाबीनसाठी किमान ७० टक्क्यांचं प्रमाण धरतात. या चाचणीला पैसे जवळपास लागत नाहीत, लागतो तो मे महिन्यात घरोघर फिरणारा माणूस. म्हणजे तुमच्या प्रस्तावातली मुख्य रक्कम त्या माणसाच्या पगाराची असणार, आणि देणगीदारांना पगार द्यायला आवडत नाही. हे दुखणं पुढच्या भागात.

अंदाजपत्रक

वस्तू दाखवल्या की पैसे मिळतात, माणूस दाखवला की कपाळावर आठ्या. म्हणून नव्या संस्था पगार लपवतात : ‘प्रशिक्षण खर्चा’त, ‘वाहतुकी’त, नाहीतर दाखवतच नाहीत आणि कार्यकर्त्याला आठ महिने अर्ध्या मानधनावर ठेवतात. असं करू नका. क्षेत्र समन्वयक हा प्रकल्पाचा खर्च आहे, प्रशासकीय खर्च नव्हे. तो बांधावर काय करतो ते कामाच्या दिवसांसकट लिहा : मे महिन्यात उगवण चाचण्या, जूनमध्ये रुंद वरंबा सरीवरच्या पेरणीला हजेरी, जुलै-ऑगस्टमध्ये दर आठवड्याला कीड पाहणी, ऑक्टोबरात पीक कापणी. असं लिहिलं की ती रक्कम कापणं अवघड जातं.

सीएसआरमध्ये ‘पाच टक्के’ हा आकडा तुमच्या तोंडावर फेकला जाईल. नियमातली पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सर्वसाधारण प्रशासकीय खर्चावर आहे. राबवणाऱ्या संस्थेच्या प्रकल्पखर्चाला ती लागू नाही. कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यालाही हे कधी कधी ठाऊक नसतं, तेव्हा वाद न घालता नियम दाखवा. तरीही कंपनीने स्वतःच्या धोरणात मर्यादा घातली असेल तर तो तिचा अधिकार.

कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे सीएसआर कशावर खर्च करावा त्या यादीत, शेतीला स्वतंत्र ओळ नाही. उपजीविका वाढ, ग्रामविकास, माती-पाण्याचं जतन, कृषी वनीकरण, भूक आणि कुपोषण निर्मूलन अशा ओळी आहेत. तुमचं काम यातल्या कुठल्या ओळीत बसतं ते प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर लिहा. आणखी एक : सीएसआरच्या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता एकट्या शेतकऱ्याच्या नावावर ठेवण्याची सोय नियमात नाही. ती नोंदणीकृत संस्था, लाभार्थ्यांचा गट किंवा सार्वजनिक यंत्रणा यांच्याकडे असावी लागते. म्हणून बीबीएफ यंत्र (रुंद वरंबा सरीवर पेरणारं), चाळणी यंत्र, पॉवर टिलर गटाच्या नावावर घ्या आणि बिलावरही गटाचंच नाव टाकून घ्या. कुठल्या तरी दादांच्या अंगणात यंत्र उभं आणि बिलही दादांच्याच नावावर, असं झालं की दुसऱ्या वर्षी गट त्या अंगणाकडे फिरकत नाही.

हंगामाचं कोष्टक

आता मूळ मुद्दा. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम खर्चावी लागते. २०१४ पासून हे चालू आहे. तुम्हाला धनादेश दिला म्हणजे कंपनीचा खर्च झाला असं धरत नाहीत. तुम्ही तो प्रत्यक्ष खर्च करावा लागतो आणि कंपनीच्या वित्त प्रमुखाला तसं प्रमाणित करावं लागतं. म्हणून जानेवारीत फोन येतो, ‘मार्चपर्यंत इतके लाख संपवू शकाल का?’ आणि ३१ मार्चच्या आत विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्याप्रमाणे खर्चल्याचा दाखला, हवं असतं.

नव्या संस्था हरखून हो म्हणतात आणि फेब्रुवारीत बियाणं खरेदी करून गोदामात टाकतात. त्यापेक्षा कामं अशी लावा. जानेवारी ते मे या काळात रब्बी निघून शेतं रिकामी होतात, ओढे कोरडे असतात, तेव्हा मातीची कामं करायची : बांधबंदिस्ती, नाला खोलीकरण, गाळ काढणं, शेततळ्याची खोदाई. मार्चपूर्वीचा पैसा इथे खराखुरा आणि मोजता येण्यासारखा खर्च होतो. बियाणं, प्रशिक्षण, कीड पाहणी ही कामं नव्या आर्थिक वर्षात, एप्रिलनंतर. यासाठी प्रकल्प ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करून घ्या. नियमाप्रमाणे तो सुरू झालेलं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं चालू शकतो, आणि कंपनी न खर्चलेली रक्कम त्यासाठीच्या वेगळ्या खात्यात ठेवू शकते. एक वर्षाचा शेती प्रकल्प घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एका हंगामात पाऊस कसा पडला एवढंच कळतं.

म्हणजे तुमचं वर्ष असं दिसेल : ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी आणि मोजणी, डिसेंबरात दोन पानी टिपण घेऊन भेटी, जानेवारी-फेब्रुवारीत करार, उन्हाळ्यात मातीकाम, मृगाच्या आधी बियाण्याची तयारी. पेरणीसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पावसाची वाट पाहायची असते, हे करारातल्या तारखांतही यायला हवं. ‘१५ जूनपर्यंत १०० टक्के पेरणी’ अशी ओळ सही करण्याआधी खोडून घ्या. तिथे ‘पुरेसा पाऊस झाल्यानंतर १५ दिवसांत’ असं लिहा.

परदेशी संस्थांचं चक्र लांब असतं. टिपणापासून मंजुरीपर्यंत वर्ष जाणं नवल नाही. तिथे घाई नको, पण त्या एकाच देणगीदारावर विसंबूनही राहू नका. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने परदेशी मदत अचानक थांबवली आणि १ जुलैला यूएसएड या त्यांच्या मदत संस्थेचं काम अधिकृतपणे संपलं. आफ्रिका-आशियातले कितीतरी शेती प्रकल्प आणि अमेरिकी विद्यापीठांमधल्या संशोधन प्रयोगशाळा ऐन हंगामात बंद पडल्या. संस्थेच्या वर्षाच्या खर्चातला निम्म्याहून जास्त वाटा एका दारातून येत असेल तर दुसरं दार शोधायला लागा.

लोकवर्गणी

बहुतेक देणगीदार ‘लोकसहभाग किती’ विचारतात आणि बहुतेक संस्था ‘श्रमदान १० टक्के’ असं कागदावर लिहून मोकळ्या होतात. हे खऱ्या अर्थाने कसं होतं ते पाहायचं असेल तर इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाकडे पाहा. मूळचे स्वित्झर्लंडचे जेझुइट फादर हर्मन बाकर यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातून त्याची मांडणी केली. जर्मन सरकारचा पैसा केएफडब्ल्यू आणि नाबार्डमार्फत यायचा, आणि संस्थांच्या व गावांच्या तयारीसाठी १९९३ मध्ये ‘वॉटर’ ही संस्था उभी राहिली. संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी त्यातलं एक ठळक गाव.

त्याची युक्ती क्रमात होती. मोठा निधी आधी मिळतच नसे. गावाने आधी श्रमदान करून दाखवायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी ग्रामसभेत मान्य करायची, पाणलोट समिती निवडायची, छोट्या तुकड्यावर काम करून शिकायचं. त्यातून पार पडलेल्या गावालाच पुढचा पूर्ण टप्पा. पैसा गावाच्या समितीच्या खात्यावर यायचा आणि वर्गणीचा वाटा पुढच्या डागडुजीसाठी बाजूला पडायचा. तुमच्या पाच लाखांच्या प्रकल्पालाही हाच क्रम लावता येतो. पण बंदी घालताना ती कुणाच्या पोटावर येते ते विचारा. चराईबंदी जमीनवाल्याला परवडते. शेळ्या राखणारी विधवा बाई आणि मेंढपाळ यांना चारा कुठून येणार, याचं उत्तर ग्रामसभेच्या ठरावात नसेल तर ठराव अपुरा आहे.

करार, खर्च, पावत्या

कराराची सगळी पानं वाचा, विशेषतः हप्त्यांचं. ‘४०-४०-२०’ अशी विभागणी दिसायला बरी, पण दुसरा हप्ता जुलैत आणि तो पहिल्याच्या ९० टक्के खर्चाचा अहवाल मान्य झाल्यावर, असं असेल तर पेरणी बुडाली. हप्ते मे आणि सप्टेंबरला येतील असं पाहा. शेवटचे २० टक्के काम संपल्यावर मिळणार असतील तर तेवढी रक्कम संस्थेकडे आहे का, हे सही करण्याआधी बघा.

खर्चाचे नियम थोडक्यात. प्रकल्पाचा हिशेब खतावणीत वेगळा ठेवा. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देऊ नका. पाच हजारांवरच्या पावतीवर एक रुपयाचं महसूल तिकीट लावा. मोठ्या खरेदीला तीन दरपत्रकं घ्या, आणि तिन्ही एकाच छापखान्यातून आल्यासारखी दिसणार नाहीत हे पाहा.

मातीकामात जेसीबीचं बिल तासावर येतं आणि देणगीदाराला घनमीटर हवे असतात. सगळ्यात जास्त संशय इथेच निर्माण होतो. म्हणून काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर दोन्ही वेळा टेप लावा. १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद नाला सरासरी १ मीटर खोल केला तर ३०० घनमीटर माती निघाली. ती किती तासांत निघाली, गाडीचालकाने किती वेळ चहा प्यायला, सगळं वहीत येतं. वहीवर गावातल्या दोघांच्या सह्या, त्यातली एक बाईची. हजेरीपत्रकावर वीस जणांच्या सह्या एकाच पेनाने, एकाच वळणाने आल्या तर लेखापरीक्षक पान उलटायचं थांबतो. अंगठा असेल तर अंगठा असू द्या, शेजारी नाव लिहिणाऱ्याची सही घ्या.

फोटो काढताना तारीख आणि ठिकाण छापलं जाईल अशी सोय मोबाईलमध्ये करा. कामाआधीचा फोटो विसरतो, नंतरचा कुणी विसरत नाही. शेतकऱ्याच्या हातात कंपनीचा फलक देऊन फोटो काढण्याची मागणी येईलच. बोर्ड बांधाच्या कडेला लावा, माणसाच्या हातात देऊ नका. हे नम्रपणे सांगितलं तर बहुतेक कंपन्या ऐकतात.

भेट आणि अहवाल

‘साहेब येणार’ म्हटलं की गाव रांगोळ्या काढतं. त्यात पैसा आणि दिवस दोन्ही जातात. पाहुण्यांना चांगली पिकलेली दोन शेतं दाखवा आणि फसलेलं एक. फसलेल्या शेतात शेतकऱ्यालाच बोलू द्या : पेरणीनंतर तीन आठवडे पावसाचा खंड पडला, हलक्या जमिनीत पीक वाळलं, सरी-वरंब्यावरचं शेजारच्या रानातलं तगलं. पाहुण्यांच्या लक्षात हेच राहतं, आणि पुढच्या वर्षीच्या मागणीचा आधारही तिथेच तयार होतो.

अहवालात ‘३०० शेतकऱ्यांना प्रशिक्षण’ हा आकडा सगळेच देतात. त्यासोबत यातल्या किती जणांनी बीजप्रक्रिया प्रत्यक्ष केली, कितींनी सोडली आणि का, हे द्या. उत्पन्न वाढलं असं लिहिताना पहिल्या वर्षी मोजलेलीच शेतं पुन्हा मोजा, आणि गावातली प्रकल्पात नसलेली पाच-सहा शेतंही. पाऊस चांगला झाला की सगळ्यांचाच उतारा वाढतो, ते श्रेय तुमचं नाही. ज्या कंपन्यांचा सीएसआरचा बोजा तीन वर्षं सरासरी १० कोटी किंवा अधिक आहे, त्यांना एक कोटी वा त्याहून मोठ्या प्रकल्पांचं परिणाम मूल्यमापन बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यावं लागतं. तुमचा प्रकल्प तेवढा मोठा नसला तरी वह्या जपून ठेवा.

पैसा संपल्यावर

हे पहिल्याच बैठकीत बोलायचं असतं. बीबीएफ यंत्राचं भाडं एकरी किती, त्यातलं चालकाला किती, दुरुस्तीच्या खात्यात किती, सभासद नसलेल्याला किती जास्त, हे गटाच्या ठरावात लिहून घ्या. भाडं पहिल्या दिवसापासून घ्या, ‘पहिलं वर्ष फुकट’ नको, कारण दुसऱ्या वर्षी ते सुरू करताना भांडणं होतात. पाणलोटाच्या कामाची डागडुजी दर उन्हाळ्यात कोण करणार, त्या खात्यावर सह्या कुणाच्या, हे ग्रामसभेत वाचून दाखवा. क्षेत्र समन्वयकाचा पगार तिसऱ्या वर्षी निम्मा शेतकरी कंपनीच्या व्यापारातून निघेल का, याचा हिशेब दुसऱ्या वर्षीच मांडा. निघत नसेल तर तसं देणगीदाराला लिहून कळवा, आणि ते पत्र नोव्हेंबरातच पाठवा. पुढच्या वर्षीचे आराखडे फेब्रुवारीपर्यंत ठरून गेलेले असतात.